प्रतिसाद: तटस्थ बंदरातला मुक्काम

युद्धात तटस्थ देशाच्या बंदरात शिरलेली लढणाऱ्या देशाची युद्धनौका हवी तितकी राहू शकते, असं म्हटलं जातं, पण ते बरोबर नाही. १९०७ च्या तेराव्या हेग करारानुसार, यजमान देशाचा वेगळा नियम नसेल तर मुदत २४ तासांची. ती वाढते फक्त नुकसान किंवा खराब हवामानामुळे. दुरुस्ती समुद्रात तग धरण्यापुरतीच. तोफा, मारक क्षमता यांना हात लावायचा नाही.

डिसेंबर १९३९ मध्ये जर्मन युद्धनौका 'ग्राफ स्पे' तटस्थ उरुग्वेच्या माँटेव्हिडिओ बंदरात आली, तेव्हा जर्मनीने पंधरा दिवस मागितले. उरुग्वेने जहाजाची तपासणी करून ७२ तास दिले. खरी गंमत कराराच्या सोळाव्या कलमात आहे: शत्रूचं व्यापारी जहाज सुटल्यावर २४ तास युद्धनौकेला निघता येत नाही. कुमक दूर असल्याने 'ग्राफ स्पे'ला बंदरातच रोखायला ब्रिटिशांनी नेमकी हीच पळवाट धरून आपली व्यापारी जहाजं बाहेर काढली. आधी जहाज लगेच हाकला म्हणणारेही तेच, बरं का!

मुदत संपूनही जहाज हललं नाही, तर चोविसाव्या कलमाखाली यजमान देश ते अडकवून ठेवू शकतो. 'ग्राफ स्पे'चा कप्तान लांग्सडोर्फने १७ तारखेला ते बाहेर नेऊन स्वतःच बुडवलं.