जुन्या लॅपटॉपवर वायफाय स्कॅनर टाकायचा सोपा मार्ग?

किडूकमिडूक:
जुना लॅपटॉप, २ जीबी रॅम, लिनक्स मिंट २१ एक्सएफसीई, वायफाय कार्ड ब्रॉडकॉम कंपनीचं. राउटर कोणत्या चॅनेलवर ठेवावा एवढंच बघायचंय. जो तो किस्मेट (आसपासची वायफाय नेटवर्कं आणि उपकरणं टिपणारा प्रोग्रॅम) सुचवतो, पण सापडलेल्या कृतीत सोर्स कोड आणून कंपाईल करा, म्हणजे त्यातून प्रोग्रॅम स्वतः तयार करा म्हणतात. कंपाईल करायला घेतलं की पंखा बोंबलतो आणि मशीन गोठतं. याहून सुटसुटीत काही?

खटाटोप:
चॅनेलसाठी किस्मेट कशाला! टर्मिनलमध्ये 'एनएमसीएलआय डेव्ह वायफाय लिस्ट' ही कमांड द्या (रोमनमध्ये, अर्थात). ती चालवणारा नेटवर्कमॅनेजर मिंटमध्ये असतोच, नवीन काही टाकायला नको. नाव, चॅनेल, सिग्नल सगळं समोर येतं. २.४ गिगाहर्ट्झवर १, ६ आणि ११ हे एकमेकांत घुसत नाहीत, त्यातला कमी गर्दीचा घ्या. काही जण हुशारी करून ३ किंवा ४ वर जातात आणि दोन्हीकडचा गोंगाट पदरात पाडून घेतात.

किडूकमिडूक:
चाललं की! आता हाव सुटली. माझ्या राउटरला कोणकोणती उपकरणं जोडलीत तेही किस्मेटमध्ये बघायचंय.

खटाटोप:
मग मॉनिटर मोड (कार्डाने हवेतला सगळाच वायफाय संवाद ऐकायचा) लागणार, आणि ब्रॉडकॉमचा 'डब्ल्यूएल' ड्रायव्हर तिथेच हात वर करतो. त्याच्याशी झुंजू नका. एआर९२७१ चिपचा यूएसबी अडॅप्टर घ्या, कर्नलमध्ये त्याचा ड्रायव्हर आहे. अडॅप्टर ऐकायला, आतलं कार्ड इंटरनेटला.

कंपाईलही विसरा, किस्मेटचं स्वतःचं पॅकेज भांडार (तयार प्रोग्रॅम मिळायची ऑनलाइन जागा) आहे. फक्त भांडाराचा पत्ता देताना मिंटचं नाव घालू नका, मिंट ज्यावर बेतलंय त्या उबंटूचं घाला: मिंट २१ म्हणजे उबंटू २२.०४, 'जॅमी'. बहुतेकांचं घोडं इथेच अडतं. स्वतःला 'किस्मेट' गटात घाला आणि लॉगआउट करून परत या, मग रूटची (सर्वाधिकारी खात्याची) भानगड नाही. किस्मेटची स्क्रीन ब्राउझरमध्ये पोर्ट २५०१ वर उघडते. २ जीबीत किस्मेटपेक्षा ब्राउझरच जड जातो, म्हणून ती फोनवरून बघा.

फुकटफौजदार:
एक राहिलं. एआर९२७१ ला फक्त २.४ गिगाहर्ट्झ ऐकू येतं. राउटर २.४ आणि ५ अशा दोन्ही बँडवर असेल तर ५ गिगाहर्ट्झवरची उपकरणं किस्मेटमध्ये दिसायचीच नाहीत. ती राउटरच्या स्वतःच्या पानावर बघा. खरं तर जोडलेल्यांची यादी तिथे आयतीच असते.

किडूकमिडूक:
हे आधी सांगायचं ना! अडॅप्टर मागवून झाला.