परदेशी कामगार आले की स्थानिकांची मजुरी पडते का?

मोकळी_वाट:
‘बाहेरचे आले की आपली कामं जातात’ हे मला अजिबात पटत नाही. १९८० साली क्यूबातल्या मारिएल बंदरातून सुमारे सव्वा लाख माणसं बोटींनी अमेरिकेत उतरली. बरीचशी मायामीतच राहिली आणि तिथलं मनुष्यबळ काही महिन्यांत ७ टक्क्यांनी वाढलं. अर्थतज्ज्ञ डेव्हिड कार्ड यांनी १९९० मध्ये आकडे तपासले, तेव्हा कमी शिकलेल्या स्थानिकांची मजुरी पडलेली दिसली नाही. येणारा माणूस नुसते हात घेऊन येत नाही, पोटही घेऊन येतो. तो भाडं भरतो, खरेदी करतो, त्यातून नवी कामं निघतात.

हिशेबी:
सरासरीच्या आड लपू नका. त्याच मायामीचे आकडे अर्थतज्ज्ञ जॉर्ज बोर्हास यांनी २०१७ मध्ये पुन्हा काढले, पण फक्त शाळा अर्धवट सोडलेल्या पुरुषांचे. मजुरी १० ते ३० टक्के घसरलेली निघाली. बोर्हास स्वतः लहानपणी क्यूबातून आलेले, म्हणजे परक्यांचा द्वेष हे कारण इथे चालणार नाही.

मोकळी_वाट:
त्या गटातली किती माणसं पाहणीत होती? अगदी थोडी. एवढ्यावर धोरण ठरवायचं?

शेतीचा_माणूस:
मायामी सोडा, उलटं उदाहरण बघा. १९४२ पासून मेक्सिकोचे शेतमजूर करारावर अमेरिकेत येत, त्याला ब्रासेरो योजना म्हणत. स्थानिक मजुराला भाव मिळावा म्हणून ती १९६४ अखेर बंद केली. भाव काही वाढला नाही. कॅलिफोर्नियातल्या टोमॅटोवाल्यांनी यंत्रं घेतली. हे यंत्र अख्खं झाड कापून वर ओढतं आणि हलवून फळं पाडतं. साधा टोमॅटो त्यात चेचला जातो, म्हणून घट्ट आणि एकदम पिकणारा वाण त्याच्यासाठी मुद्दाम तयार केला होता. चार-पाच वर्षांत कारखान्यांना जाणारा जवळजवळ सगळा टोमॅटो यंत्राने निघू लागला. स्थानिक मजुराच्या हाती काय आलं?

हिशेबी:
हा तर माझाच मुद्दा झाला! स्वस्त हात मिळत होते तोवर ते यंत्र कोणी फारसं घेत नव्हतं. हात संपले तेव्हा सुधारणा झाली. आणि घरांचं काय? २०२३ मध्ये कॅनडाची लोकसंख्या, मुख्यतः बाहेरून आलेल्यांमुळे, ३ टक्क्यांहून जास्त वाढली, घरं त्या वेगाने बांधून झाली नाहीत. २०२४ मध्ये त्याच सरकारला प्रवेशाचे आकडे खाली आणावे लागले.

मोकळी_वाट:
घरांचं मान्य, तिथे चूक झाली. पण तिजोरीचा हिशेब पुरता करा. अमेरिकेच्या राष्ट्रीय अकादमींचा (सरकारला सल्ला देणाऱ्या तज्ज्ञांच्या संस्था) २०१६ चा अहवाल सांगतो की बाहेरून आलेल्यांच्या पहिल्या पिढीचा भार राज्यांवर पडतो, मुख्यतः मुलांच्या शिक्षणामुळे. तीच मुलं मोठी झाली की भरघोस कर भरतात. तुम्ही शाळेचा खर्च मोजता आणि तिथेच वही मिटता.

हिशेबी:
पंचवीस वर्षं वाट पाहणं मालकाला परवडतं. ज्याची मजुरी आज पडली त्याला परवडत नाही. देशाला फायदा होतो हे मी नाकारतच नाही. त्या फायद्यातला वाटा या माणसाच्या हाती कुठल्या देशाने दिला, तेवढं दाखवा.