सांडपाण्यामुळे सागाची वलये अरुंद होतात का?

बांधकरी: रत्नागिरी जिल्ह्यातील आमची जमीन एका रासायनिक वसाहतीच्या उताराला असून पावसाळ्यात तिकडचे पाणी बांधावरच्या सागांच्या मुळाशी साचते. यंदा वाऱ्याने पडलेल्या सागाचा बुंधा कापला, तेव्हा सालीकडची वलये इतकी दाट दिसली की भिंगाशिवाय मोजता येईनात. प्रदूषित मातीत पाइनच्या लाकडाची वाढ खुंटते, असे वाचले आहे. तोच निष्कर्ष इथे लावता येईल का? किनाऱ्यावरच्या सुरूंवरून काही कळेल का?

जांभेकर: सुरू बाजूला ठेवा. दिसायला सुईदार असला तरी तो पाइन नव्हे, आणि त्याची वार्षिक वलये स्पष्ट नसतात. सागाची पाने उन्हाळ्यात झडतात, वाढ थांबते, आणि नव्या हंगामात मोठ्या छिद्रांची ओळ उमटते. त्यामुळे त्याचे वर्ष ओळखता येते.

रानवाट: फिनलंडमध्ये हार्यावाल्टा येथे १९४५ पासून तांबे वितळवले जाते आणि त्या परिसरातील पाइनची वाढ घटलेली आढळली आहे. तांबे व निकेल हे धातू मातीच्या अगदी वरच्या, पालापाचोळ्याच्या थरात अडकून राहतात आणि नेमक्या त्याच थरात झाडाची बारीक मुळे व त्यांच्याशी सहजीवन करणारी बुरशी असते. ती मेली की कॅल्शियम, मॅग्नेशियम आणि पाणी कमी पडते, सूचिपर्णे लवकर गळतात, अन्न कमी तयार होते आणि त्यातून खोड जाड होण्यासाठी फारसे काही उरत नाही. अर्थात तिथे धुरातला सल्फर डायऑक्साइडही होता, म्हणून सगळा दोष मातीच्या माथी मारता येत नाही. आपली जांभ्याची माती मुळातच आम्लधर्मी असते. तीत आम्लयुक्त पाणी मुरले तर ॲल्युमिनियम विरघळून मुळांना जाचतो.

बांधकरी: मग अरुंद वलये हा पुरावा मानावा का?

रानवाट: एका झाडावरून मुळीच नाही. खोड जाड होत गेले की वलये आपोआप अरुंद होतात, आणि पाने खाणाऱ्या अळीनेही वाढ मार खाते. वसाहतीपासून दूरचे, तशाच जमिनीतले, साधारण त्याच वयाचे साग तुलनेला घ्या. पोकळ गिरमिटाने छातीच्या उंचीवर पेन्सिलीएवढी कांडी काढता येते, झाड तोडावे लागत नाही. दापोलीच्या कृषी विद्यापीठातील वनशास्त्र महाविद्यालयात याबाबत विचारून पाहावे. मातीचे नमुने ० ते १५ आणि १५ ते ३० सेंमी असे वेगळे काढा, तेही गंजक्या फावड्याने नको.

जांभेकर: तुलनेच्या झाडांपैकी काही स्वच्छ पाणी साचणाऱ्या जागेतली अवश्य निवडा. सागाला मुळाशी पाणी साचलेले सोसत नाही. त्यामुळे रसायनाचा लवलेश नसतानाही वलये अशीच दाटू शकतात.