गोवराचे डोस नसतील तर शाळाप्रवेश अडवावा का?

कडुलिंब :
२०२२च्या अखेरीस गोवंडी, भिवंडी, मालेगावात गोवराची साथ आली, तेव्हा मुंबईत ६ महिन्यांच्या तान्ह्यांनाही जादा डोस द्यायची वेळ आली. एरवी ९ महिन्यांआधी गोवर-रुबेला टोचत नाहीत, कारण आईकडून आलेली प्रतिपिंडं लसीला नीट लागू होऊ देत नाहीत. म्हणजे चुकारपणा केला थोरांनी आणि भोगलं ज्यांचं वयच झालं नव्हतं त्यांनी. गोवर थोपवायचा तर शंभरातल्या ९५ मुलांचे दोन्ही डोस लागतात. समजावणं पुष्कळ झालं. कार्डावर दोन डोसांची नोंद नसेल तर बालवाडीत घेऊ नका.

पाटीपेन्सिल :
वयाचं गणित चुकतंय तुमचं. पहिला डोस ९ महिन्यांना, दुसरा १६ ते २४ महिन्यांत. बालवाडी तिसऱ्या वर्षी. गोवरातला न्यूमोनिया सगळ्यांत वाईट धरतो तो त्याआधीच. तुमचा पहारेकरी चोरी झाल्यावर उभा राहणार.

आणि समजावलं कुठे? पालक बिथरतात ते दीड महिन्याच्या पेंटाला, म्हणजे पाच रोगांवरच्या एकत्र लसीला. त्यात डांग्या खोकल्याचा मारलेला अख्खा जंतू असतो. त्याच रात्री ताप येतो, मांडी सुजते, बाळ किरकिरतं. दोन दिवसांत उतरतं. हे आधी सांगितलं तर घर तयार असतं, नाही सांगितलं तर सासूबाई म्हणतात, "धडधाकट पोर आजारी पाडलं." पॅरासिटामॉल किलोमागे १० ते १५ मिलिग्रॅम, तेही ताप आल्यावर, टोचायच्या आधीच नाही. साडेचार किलोच्या बाळाला १०० मिलिग्रॅम/मिलीचे थेंब असतील तर अर्धा मिली. पातळ औषध १२५ मिलिग्रॅम/५ मिलीचं असेल तर २ मिली. इथेच घोळ होतो: थेंबांची बाटली उचलून पातळ औषधाच्या मापाने पाजलं की चौपट डोस. लसीचा ताप परवडला!

उंबरठा :
आम्हाला अडाणी ठरवून मोकळं होणं सोपं आहे. जानेवारी २०२१मध्ये यवतमाळ जिल्ह्यात १२ मुलांना पोलिओच्या थेंबांऐवजी सॅनिटायझर पाजलं गेलं. कुपीत काय आहे ते आईला कसं कळावं? त्यात दीड महिन्याच्या जिवाला एका दिवशी तीन सुया.

कडुलिंब :
तो हलगर्जीपणा होता, लसीचा दोष नव्हे. तीन सुया तीन जागी असतात: पेंटा डाव्या मांडीत, न्यूमोनियावरची न्यूमोकोकल उजव्या मांडीत, पोलिओची उजव्या दंडाच्या कातडीत, जेमतेम ०.१ मिली. अडीच महिन्यांना एकच सुई. कुपीवरचा गोल बघा. आतला चौकोन बाहेरच्या गोलापेक्षा फिका असेल तर लस चांगली. दोन्ही एकाच रंगाचे झाले की बाद.

पाटीपेन्सिल :
अर्धंच सांगितलंत. तो चौकोन फक्त उष्णता ओळखतो. पेंटा बर्फाला चिकटून गोठली तरी चौकोन फिकाच राहतो, लस मात्र निकामी झालेली असते. गोवर-रुबेलाची पूड असते, ती सोबतच्याच द्रावणात कालवायची आणि ४ तासांत वापरायची, उरेल ती फेकायची. म्हणून कुपीवर वेळ लिहिलेली आहे का, हे विचारावं. टोचल्यावर अर्धा तास तिथेच बसावं. या लसीचा ताप आठवड्याभराने येतो, कधी बारीक पुरळही. तोवर घरचे लस विसरलेले असतात, मग "लस घेऊनही गोवर आला" अशी आवई उठते.

उंबरठा :
विचारावं म्हणता, रांगेत चाळीस बायका असताना? शिवाय "पाच मुलं जमली की कुपी फोडू, पुढच्या वेळी या" असं सांगून परत पाठवतात. रोजंदारी बुडवून आलेली बाई पुन्हा येईल? कार्डावर रकाना कोरा राहतो आणि नाव हट्टी पालकांत जातं.

कडुलिंब :
परत पाठवणं नियमाबाहेरचं आहे. एका मुलासाठीही कुपी फोडायची असते, बाकीचे डोस वाया गेले तरी. तिला शिक्षा नको, हे मान्य. पण ज्यांच्या दारात गाडी आहे, जे पेंटाऐवजी कमी तापाची महागडी लस विकत घेतात आणि गोवराच्या लसीला मात्र, तिने स्वमग्नता (ऑटिझम) येते असं सुचवणारा १९९८चा तो लेख पुढे करून नकार देतात, त्यांचं काय? तो छापणाऱ्या लॅन्सेट या वैद्यकीय नियतकालिकानेच तो २०१०मध्ये मागे घेतलाय. त्यांना कुठलीच रांग आडवी आलेली नाही.

पाटीपेन्सिल :
त्यांना अडवा, खुशाल. पण कोऱ्या रकान्यापुढे कारण लिहायची सोय आधी करा: नकार, बाळ आजारी, की कुपी फोडली नाही. आज तिन्ही सारखेच दिसतात.