छोट्या छापखान्यानं भाड्याचं डिझाइन सॉफ्टवेअर सोडावं का? (बडोदा)

रावपुरा_ऑफसेट:
नमस्कार मंडळी. वडिलांच्या काळापासून रावपुऱ्यात आमचा छापखाना आहे. मराठी लग्नपत्रिका, गुजराती कंकोतऱ्या (त्यांच्या लग्नपत्रिका), बिलबुकं, पतपेढ्यांचे अहवाल अशी कामं. डिझाइनला तीन मुलं आहेत. आमचं सॉफ्टवेअर पूर्वी एकदा विकत घेतलं की वर्षानुवर्षं चालायचं. आता दर महिन्याला भाडं, आणि यंदा ते पुन्हा वाढलं. भाडं थांबवलं तर आम्हीच केलेल्या जुन्या फायली उघडता येत नाहीत, याचं फार वाईट वाटतं.

फुकट मिळणारी सॉफ्टवेअरं फोर कलर, म्हणजे चार शाईंच्या रंगीत छपाईच्या, कामाला चालतात का? आणि मुलं ती शिकली, उद्या दुसरीकडे नोकरी शोधायला गेली, तर त्यांचं काय? जाहिरातीत एकाच सॉफ्टवेअरचं नाव असतं. माझे पैसे वाचावेत म्हणून त्यांचं नुकसान मला नको आहे.

जुना_डीटीपीवाला:
चालतात, पण कुठे अडतं ते आधी ऐका. इंकस्केप 2003 पासून आहे, रेखाकामाला उत्तम, पण ते आरजीबीत, म्हणजे पडद्याच्या लाल-हिरव्या-निळ्या रंगांत, काम करतं. सीएमवायकेसाठी, म्हणजे छपाईच्या चार शाईंसाठी, जॉब स्क्रायबस या पानं जुळवायच्या फुकट सॉफ्टवेअरमध्ये न्यावा लागतो. स्क्रायबसची 1.6 आवृत्ती जानेवारी 2024 मध्ये आली, तिच्यात देवनागरी आणि गुजराती जोडाक्षरं नीट जुळतात. त्याआधीच्या 1.4 वर हात पोळले असतील तर एकदा पुन्हा बघा.

खरी अडचण फॉण्टची. तुमचा वीस वर्षांचा मजकूर जुन्या, युनिकोड (प्रत्येक अक्षराला सगळीकडे एकच ठरलेला क्रमांक देणारी पद्धत) नसलेल्या फॉण्टमध्ये असणार. त्यात 'क' हा 'क' म्हणून साठवलेलाच नसतो, एखाद्या इंग्रजी अक्षराच्या जागी त्याचं फक्त चित्र असतं. तो फॉण्ट गेला की आजोबांचं नावसुद्धा वाचता येत नाही. म्हणून सॉफ्टवेअर बदलण्याआधी मजकूर युनिकोडमध्ये आणा. कन्व्हर्टर मिळतात, पण रफार आणि अर्धी अक्षरं डोळ्यांनी तपासावीच लागतात. हे काम कंटाळवाणं आहे, तरी कराच. मजकूर मोकळा झाला की पुढे कुठलंही सॉफ्टवेअर निवडता येतं.

छपाईच्या प्लेट बनवणारा ओपन फाइल (बदल करता येणारी मूळ फाइल) मागत असेल तर त्याला पीडीएफ द्या. पीडीएफ 2008 पासून आयएसओ मानक आहे, कुणा एकाच्या मालकीची राहिलेली नाही.

मांजलपूरची_मुग्धा:
दादा, तुम्ही मुलांचा विचार केलात म्हणून लिहिते. मी नऊ वर्षं डिझाइन करते. मालक भाड्याला वैतागला तर निदान सोडायचा विचार तरी करू शकतो. आमच्यासारख्यांना तेवढंही नाही. क्लासवाले तेच शिकवतात कारण नोकरीत तेच मागतात, आणि नोकरीत तेच मागतात कारण सगळे तेच शिकून येतात. घरी सराव करायचा तर भाडं आमच्या पगारातून.

म्हणून माझा सल्ला: तीनपैकी एका मशीनवर जुनं राहू द्या आणि त्यावर सगळ्यांना आलटूनपालटून बसवा. नवीन शिकायचं ते कामाच्या वेळेत, रविवारी बोलावून नाही. अनुभवपत्रात सॉफ्टवेअरच्या नावाबरोबर कामही लिहा: सेपरेशन (रंग शाईवार वेगळे करणं), ट्रॅपिंग (शेजारच्या रंगांत फट दिसू नये म्हणून कडा किंचित एकमेकांवर घेणं), दोन लिप्यांची जुळणी. हात कशावर बसलाय ते त्यातून कळतं.

दांडियाबाजार_वकील:
कायद्याचं थोडक्यात. आपल्या 2002 च्या स्पर्धा कायद्यात बाजारात मोठं असणं हा गुन्हा नाही, त्या स्थानाचा गैरवापर करणं हा आहे (कलम 4). ऑक्टोबर 2022 मध्ये स्पर्धा आयोगानं अँड्रॉइडच्या प्रकरणात गूगलला 1,337.76 कोटींचा दंड केला तो याच कलमाखाली. पण नुसतं भाडं वाढलं एवढ्यावर गैरवापर सिद्ध होत नाही, आणि अशी प्रकरणं वर्षानुवर्षं चालतात. त्या भरवशावर छापखान्याचा निर्णय लांबवू नका. जोवर भाडं चालू आहे तोवर प्रत्येक जुन्या जॉबची पीडीएफ काढून ठेवा, हे मात्र आजच सुरू करा.

रावपुरा_ऑफसेट:
सगळ्यांचे आभार. मुग्धाताई, मुलांना तुमचा निरोप वाचून दाखवला. एक मशीन जुन्यावरच ठेवतोय, बाकीच्या दोघांचं भाडं पुढच्या महिन्यापासून बंद. रोज संध्याकाळी पाच ते सहा स्क्रायबस, पगारी वेळेत. पहिला जॉब पतपेढीचा अहवाल घेतोय, त्याचा मजकूर आधीच युनिकोडमध्ये आहे. कंकोतऱ्यांचे जुने गुजराती फॉण्ट बदलण्याचा अनुभव इथे कुणाला आहे का?