वक्ते आधी की उद्दिष्टं आधी?

रोटरी या समाजसेवी संघटनेच्या क्लबात सभेसाठी दर आठवड्याला नवा वक्ता कुठून आणायचा, हा प्रश्न रास्तच आहे. पण रोटरीत आता आठवड्याची सक्ती राहिलेली नाही. २०१६ पासून महिन्यातून दोन सभा घेतल्या तरी चालतं, आणि आमच्या क्लबने तेच केलं. रोटरीचं वर्ष १ जुलैला सुरू होतं, म्हणून उद्दिष्टं मे महिन्यातच लिहून काढतो आणि त्यांना जुळणारा वक्ता शोधतो. रक्तदान शिबिराच्या आधी रक्तपेढीतल्या तंत्रज्ञ बाई आल्या होत्या. प्लेटलेट्स जेमतेम पाच दिवस टिकतात हे ऐकल्यावर, एरवी चहाकडे डोळे लावून बसणारी मंडळी अर्धा तास त्यांना प्रश्न विचारत होती. बड्या नावाचे पाहुणे मात्र नकोत बुवा! मागे एक आले, त्यांचा परिचय करून देण्यातच वीस मिनिटं गेली.