कंपनीच्या इमिग्रेशन वकिलाशी नीट कसं बोलायचं? गावाला यायचंय, पर्म (ग्रीन कार्डसाठी कंपनीनं करायची पहिली पायरी) पण चालू होतंय

विश्रामबाग_सांगली:
नमस्कार मंडळी. मी मूळचा तासगाव तालुक्यातला, घर आता सांगलीत विश्रामबागला, आईवडील तिथंच असतात. मी अमेरिकेत डॅलसला एच-१बी, म्हणजे कंपनीनं काढलेल्या कामाच्या व्हिसावर आहे, बायको एच-४, म्हणजे जोडीदाराच्या व्हिसावर, तिच्याकडं ईएडी, म्हणजे काम करायच्या परवानगीचं कार्ड आहे आणि ती नोकरी करते. आय-१४०, म्हणजे पर्मनंतरचा कंपनीचा ग्रीन कार्डचा अर्ज, आधीच्या कंपनीतनं अप्रूव्ह झालेला, आता नवी कंपनी पर्म परत पहिल्यापासून करतीय. मे महिन्यात बहिणीचं लग्न मिरजेत ठरलंय, मी थोरला भाऊ, मला यायलाच पाहिजे. पण पासपोर्टवरचा व्हिसा संपलाय म्हणजे मुंबईत स्टॅम्पिंग, म्हणजे पासपोर्टवर नवा व्हिसा, झाल्याशिवाय परत जाता येणार नाही.

कंपनीनं दिलेला वकील एका ओळीच्या वर उत्तर देत नाही. मी विचारलं इंडियाला जाऊ का, तर म्हणाला प्रवासात रिस्क आहे, तुम्ही ठरवा. आणि व्हॉट्सअ‍ॅपवर रोज नवीन काहीतरी, कोण म्हणतंय परत येताना एक लाख डॉलर भरायला लागणार, कोण म्हणतंय आता व्हिसाच बंद. आईला पण कुणीतरी तो मेसेज पाठवला आणि ती फोनवर म्हणाली, नको येऊ बाळा, लग्न होईल कसंही, तू नोकरी सांभाळ. तेव्हापासून डोकं चालंना झालंय.

तर वकिलाला नेमकं काय विचारायचं, आणि कुठल्या बातमीवर विश्वास ठेवायचा? अजून एक, वकिलाच्या प्रश्नावलीत जन्मदाखला मागितलाय आणि आमच्या ग्रामपंचायतीत माझी नोंदच सापडत नाही म्हणतात. कुणाला अनुभव असेल तर सांगा.

कोयनाकाठ:
भावा, आधी आईला फोन कर आणि ते एक लाख डॉलरचं मनातनं काढायला सांग. १९ सप्टेंबर २०२५ ला ट्रम्पनी त्या घोषणेवर सही केली तेव्हा विमानात बसलेली माणसं खाली उतरली होती, भीती खरी होती. पण ती रक्कम २१ सप्टेंबर २०२५ पासून भरलेल्या नव्या पिटिशनना, म्हणजे कंपनीनं एच-१बी साठी केलेल्या अर्जांना आहे, आणि ते पण माणूस अमेरिकेच्या बाहेर असेल आणि त्याच्याकडं चालू एच-१बी व्हिसा नसेल तर. २० ऑक्टोबरला युएससीआयएसनं, म्हणजे तिथल्या इमिग्रेशन खात्यानं, खुलासा केला की अमेरिकेत राहून एक्स्टेन्शन मिळालेल्या माणसाला ती लागू नाही आणि त्याच अप्रूव्हलवर तो बाहेर जाऊन स्टॅम्पिंग करून आला तरी लागू नाही. तुझा ७९७, म्हणजे मंजुरीची नोटीस, काढून बघ, खाली आय-९४ चा, म्हणजे अमेरिकेत कधीपर्यंत राहता येतं त्या नोंदीचा, तुकडा जोडलेला असेल तर तुला एक्स्टेन्शन इथंच मिळालंय. पिटिशन अजून पेंडिंग असेल तर मात्र वकिलाला विचारल्याशिवाय देश सोडायचा नाही, तिथं गणित बदलतं.

काळजी करायचीच तर अपॉइंटमेंटची कर. एच-१बी ला आता ड्रॉपबॉक्स, म्हणजे मुलाखतीशिवाय नुसते कागद देऊन व्हिसा, नाही, मुलाखतीला स्वतः जायला लागतं. मेक्सिको-कॅनडात स्टॅम्पिंग करून यायची सोय पण सप्टेंबर २०२५ पासून गेल्यासारखीच आहे, आपला देश नाहीतर जिथं राहतो तो देश, तिथंच अर्ज करायचा. आणि १५ डिसेंबर २०२५ पासून एच-१बी आणि एच-४ वाल्यांचे सोशल मीडिया अकाउंट तपासायला लागलेत, त्यासाठी ती पब्लिक करून ठेवायला सांगतात. ते चालू झालं तेव्हा इंडियातल्या किती जणांच्या डिसेंबर-जानेवारीच्या तारखा काही काही महिने पुढं गेल्या. त्यामुळं मुंबईची तारीख हातात येईपर्यंत परतीचं तिकीट काढू नको, आणि अडकलोच तर सांगलीतनं काम करू देणार का हे मॅनेजर आणि एचआर दोघांकडनं लिहून घे. तोंडी हो म्हटलेलं ऐनवेळी उपयोगाला येत नाही.

वहिनींचं ईएडी तर आधी बघ. ३० ऑक्टोबर २०२५ पासून भरलेल्या रिन्यूअलला आपोआप मिळणारी मुदतवाढ बंद झालीय, म्हणजे जुनं कार्ड संपलं आणि नवं आलं नाही तर नोकरी थांबली. मुदत संपायच्या १८० दिवस आधीपासून अर्ज करता येतो, पहिल्याच आठवड्यात भरा. त्यांनी लग्नाला यायचं की नाही हे पण त्याच्यावर ठरवा.

बातमीचं म्हणशील तर मी एकच बघतो, ती घोषणा आहे, प्रस्तावित नियम आहे का अंतिम नियम आहे. पगाराच्या लेव्हलप्रमाणं एच-१बी च्या लॉटरीत वजन देणार हा नियम सप्टेंबर २०२५ ला नुसता प्रस्ताव होता तेव्हाच ग्रुपवर लागू झाला म्हणून फिरत होता. अंतिम झाला डिसेंबरच्या शेवटी, लागू २७ फेब्रुवारी २०२६ पासून. मधले महिने लोकांनी उगाच जीव जाळला. युएससीआयएसची साइट आणि स्टेट डिपार्टमेंटची ट्रॅव्हलची साइट, एवढ्या दोन बघ, फॉरवर्ड आला की तिथं सापडतंय का बघ, नाही सापडलं तर सोडून दे.

कंदी_सातारा:
आमचे दीर-जाऊ डिसेंबरात साताऱ्याला आले होते आणि अपॉइंटमेंट पुढं गेली. पोरगी तिकडच्या शाळेत, तिची शाळा बुडाली, घराचं भाडं चालूच, पोस्टाची पेटी भरून वाहत होती. दादा, निघायच्या आधी घराची किल्ली आणि पोस्टाची किल्ली भरवशाच्या माणसाकडं द्या, आणि मूळ ७९७ आणि जुने पासपोर्ट सगळे सोबत आणा. मागं राहिलेला एक कागद कुरियरनं मागवायला आम्हाला फार त्रास झाला. पण लग्नाला या. बहिणीच्या पाठीशी भाऊ उभा असायला पाहिजे.

हरिपूरची_लेक:
मी इकडं अमेरिकेत एका इमिग्रेशन वकिलांच्या ऑफिसात पॅरालीगल, म्हणजे वकिलाची मदतनीस आहे. दादा, "जाऊ का" ह्या प्रश्नाला कुठलाच वकील हो म्हणू शकत नाही, कारण व्हिसा देणारा अधिकारी त्याच्या हातात नसतो. प्रश्न असा विचारा की अमुक तारखेला जाणार, अमुक तारखेला यायचंय, माझ्या केसमध्ये कुठल्या टप्प्यावर अडू शकतं आणि आत्तापासून काय करून ठेवलं तर ते कमी होईल. त्याच मेलमध्ये ७९७, आय-९४, पासपोर्टची पानं जोडा. कामाची जागा किंवा पद बदललंय का ते लिहा, आणि कधी पोलिस केस झाली असेल, अगदी मिटलेली असली तरी, ती पण सांगा. विषयाच्या ओळीत रिसीट नंबर टाका. असा मेल आला की वकिलाला फाइल शोधत बसायला लागत नाही आणि उत्तर पण ओळीचं येत नाही. रोज एकेक प्रश्न पाठवण्यापेक्षा सगळे साठवून एकदम पाठवा.

आता एक गोष्ट आपल्या लोकांना कुणी सांगत नाही म्हणून जरा मोठं लिहिते. कंपनीचा वकील हा आधी कंपनीचा असतो. बऱ्याचदा तो दोघांचं काम बघतो, पण तुम्ही त्याला सांगितलेलं कंपनीपासून लपवून ठेवेल असं धरून चालू नका. नोकरी बदलायचा विचार आहे, ले-ऑफची कुणकुण आहे, असले प्रश्न त्याला विचारायचे नाहीत. त्यासाठी स्वतःच्या खिशातनं एक तासाची कन्सल्टेशन वेगळ्या वकिलाकडं घ्या. त्याचं लायसन्स त्या राज्याच्या बारच्या साइटवर तपासता येतं, आणि ज्याचं नाव तिथंही सापडत नाही आणि जो सरकारमान्य प्रतिनिधी पण नाही अशा "कन्सल्टंट"ला फॉर्म भरायला देऊ नका, मग तो कितीही गाववाला असू दे.

पर्मच्या वेळी वकील गप्प असतो त्याला कारण आहे. जाहिरात, आलेले अर्ज, कुणाला का नाकारलं, ह्यात ज्याच्यासाठी पर्म चाललंय त्या माणसाचा हात असता कामा नये असा नियम आहे. तेव्हा त्यांनी सांगितलं नाही म्हणजे टाळतायत असं समजू नका. पर्मचा खर्च मात्र, वकिलाच्या फीसकट, कायद्यानं कंपनीनंच भरायचा असतो. कुणी पगारातनं कापतो म्हणालं तर सही करू नका.

जुन्या आय-१४० च्या अप्रूव्हल नोटिशीची कॉपी तुमच्याकडं आहे ना? नवीन पर्म झालं तरी जुनी प्रायॉरिटी डेट, म्हणजे ग्रीन कार्डच्या रांगेतली तुमची तारीख, त्याच्यावरच टिकते. आधीच्या कंपनीनं दिली नसेल तर एफओआयए, म्हणजे इथल्या माहिती अधिकाराच्या कायद्याखाली युएससीआयएसकडं ऑनलाइन अर्ज करून मागता येते, आत्ताच करा.

आणि फॉर्मचा ड्राफ्ट आला की बसून शब्दन् शब्द वाचा. आपल्याकडं नावात वडिलांचं नाव असतं, बायकांचं लग्नानंतर मधलं नाव आणि आडनाव दोन्ही बदलतं, हे इथल्या माणसाला माहीत नसतं. वहिनींचं माहेरचं नाव "पूर्वीची नावं" मध्ये आलंच पाहिजे. पासपोर्टची मुदत पण बघा, व्हिसा २०२८ पर्यंतचा असला आणि पासपोर्ट आधी संपत असला तर विमानतळावर आय-९४ पासपोर्टच्या तारखेपर्यंतचाच मिळतो. परत आल्यावर त्याच दिवशी आय-९४ डाउनलोड करून वकिलाला पाठवा.

पेठनाका_काका:
मी निवृत्त ग्रामसेवक. नोकरी सगळी वाळवा आणि शिराळा तालुक्यात झाली, जन्म-मृत्यूची रजिस्टरं वर्षानुवर्षं माझ्या ताब्यात होती. विश्रामबागवाले, तुमची नोंद गावात सापडत नाही ह्यात नवल काही नाही. जन्माची नोंद जिथं जन्म झाला तिथं होते, वडिलांच्या गावाला होत नाही. आपल्याकडं पहिलं बाळंतपण माहेरी. तुम्ही थोरले, म्हणजे आजोळी जन्म झाला असणार. तासगावकडच्या कितीक बायका मिरजेच्या दवाखान्यात बाळंत व्हायच्या, त्यांच्या पोरांच्या नोंदी मिरजेच्या नगरपालिकेत, म्हणजे आता सांगली-मिरज-कुपवाड महापालिकेत. आईला विचारा, नेमका कुठल्या गावात, कुठल्या दवाखान्यात, का घरातच. तिच्याइतकं पक्कं कुणाला माहीत नसतं. मग त्या ठिकाणी एक वर्ष मागं आणि एक वर्ष पुढं असं रजिस्टर बघायला सांगा, कारण शाळेत घालताना गुरुजींनी जन्मतारीख अंदाजानं लिहिल्याची उदाहरणं मी भरपूर बघितलीत.

नाहीच सापडलं तर अनुपलब्धता प्रमाणपत्र मागा, नमुना १० म्हणा, त्यांना कळतं. दाखला करून देतो म्हणणारा एजंट भेटेल, त्याच्या नादी लागू नका.

विश्रामबाग_सांगली:
काका, तुम्ही म्हणालात तसंच निघालं. आई म्हणाली कराडला, आजोळी असताना. मामेभाऊ नगरपालिकेत जाऊन आला, नोंद सापडली, तारीख बरोबर, आईवडिलांची नावं बरोबर, पण माझ्या नावाचा रकाना कोरा आहे! आता नाव घालता येईल का? आणि हा दाखला पर्मला लगेच लागतो का?

हरिपूरची_लेक:
पर्मला नाही, आय-१४० ला पण नाही, जन्मदाखला लागतो आय-४८५, म्हणजे ग्रीन कार्डचा शेवटचा अर्ज भरताना. ईबी-२, म्हणजे उच्च शिक्षण लागणाऱ्या नोकऱ्यांच्या ग्रीन कार्ड गटात, भारताची रांग २०२५ च्या शेवटी २०१३ च्या प्रायॉरिटी डेटवरच होती, म्हणजे तुम्हाला वेळ आहे. पण दादा, म्हणूनच हे आत्ता करा. नाव नसलेल्या दाखल्यावर आरएफई, म्हणजे जादा पुरावा मागणारी नोटीस येऊ शकते आणि तेव्हा दोन अ‍ॅफिडेव्हिट लागतात, तुमच्या जन्माची स्वतः माहिती असलेल्या माणसांची. आई, वडील, मामा, मावशी. आज ती माणसं आहेत आणि त्यांना सगळं आठवतंय. लग्नाला सगळे मिरजेत जमतीलच, तेव्हाच करून घ्या. मसुदा आधी वकिलाकडनं मागवा. त्यात त्या माणसाचं पूर्ण नाव, पत्ता, स्वतःची जन्मतारीख आणि जन्मठिकाण, तुमच्याशी नातं, आणि त्याला जन्माची माहिती कशी हे यायला पाहिजे. शाळा सोडल्याचा दाखला पण जोडीला ठेवा. मराठी कागदांचं पूर्ण इंग्रजी भाषांतर लागतं आणि भाषांतर करणाऱ्यानं खाली लिहून द्यायचं की हे पूर्ण आणि बरोबर आहे, दोन्ही भाषा मला येतात. हे तुम्ही स्वतः किंवा वहिनींनी करू नका, दुसऱ्या कुणाकडनं करून घ्या.

पेठनाका_काका:
नाव घालायला कायद्यात नोंदणीपासून १५ वर्षांची मुदत आहे. त्याच्या पुढच्यांना शासनानं वेळोवेळी मुदतवाढ दिलीय, आत्ता चालू आहे का ते कराडच्या नगरपालिकेत जन्म-मृत्यू विभागातच विचारा. चालू असेल तर शाळेचा दाखला, आधार आणि अर्ज घेऊन मामेभावाला लगेच पाठवा. नाव चढलं की पासपोर्टवर आहे तेच स्पेलिंग पडलंय का बघा आणि दाखल्याच्या दोन-तीन प्रती काढून ठेवा.